झाड फिरलं नव्हतं

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचे संपादक श्रावणात वखारीत आले, तेव्हा मी ऐनाच्या एका ओंडक्यावर खडूने खूण करत होतो. ते म्हणाले, "मुकादम, यंदा तुम्ही लिहायचं. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली झाडं पडतायत आणि कुणाचं बोटसुद्धा तुटत नाही. हे कसं जमवता ते लोकांना कळू दे." मी हो म्हटलं. ते गेल्यावर बराच वेळ खडू हातात तसाच राहिला. कुणाचं बोट तुटलं नाही हे खरं, पण ते गेल्या बारा वर्षांपुरतं. त्याआधीचं लिहायचं की नाही, हे ठरवण्यात दोन महिने गेले. संपादकांनी तीन वेळा माणूस पाठवला, त्याबद्दल त्यांनी मला माफ करावं.

वखारीत मी आलो ते लाकडाच्या ओळखीने. आम्ही बेने इस्रायल. ज्यू असल्याने शनिवारी काम बंद ठेवायचो, म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणत. वडिलांचा घाणा होता. घाण्याला चिंचेचं लाकूड लागे आणि ते निवडायला वडील मला बरोबर नेत. बुंध्यावर बोटाच्या पेराने ठोकून आत पोकळ आहे की भरीव, हे मी मिसरूड फुटण्याआधी सांगू लागलो होतो. पुढे घाणा बंद पडला आणि वखारीच्या शेठनी मला ठेवून घेतलं. उभं झाड विकत घ्यायचं, पाडायचं, तासायचं आणि गाडीवर चढवून वखारीत आणायचं. हे सगळं ज्याच्या नजरेखाली होतं तो मुकादम.

झाड पाडणं म्हणजे कुऱ्हाड चालवणं, असं बाहेरच्यांना वाटतं. कुऱ्हाड सगळ्यात शेवटी. आधी झाडाभोवती एक चक्कर मारायची. ते कुठे झुकलंय, फांद्यांचा भार कुणीकडे आहे, वाळकी फांदी वर कुठे लटकतेय, पोळं आहे का, हे बघायचं. मग ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूने खाली खाच घ्यायची. मग उलट बाजूने, खाचेच्या जरा वर, घाव घालत यायचं. दोन्हींच्या मध्ये तीन-चार बोटं लाकूड राखायचं. ते लाकूड दाराच्या बिजागरीसारखं काम करतं, झाडाला धरून हव्या त्या दिशेला निजवतं. ते एका अंगाला जास्त कापलं गेलं तर झाड पडता पडता फिरतं आणि भलतीकडे जातं. झाड फिरलं की दोष कुऱ्हाड चालवणाऱ्याचा. यात वाद नसतो. वाचकांनी एवढं एक लक्षात ठेवावं, म्हणजे पुढचं कळेल.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. झाड कडकडलं की सरळ मागे पळायचं नाही, तिरपं पळायचं, कारण बुंधा उसळून मागे येतो. दुपारी खाडीवरून वारा सुटतो, त्याच्या आत शेवटचं झाड खाली आलं पाहिजे. आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी उभं राहायचं नाही, मग तो झाडाचा मालक का असेना.

हे मला शिकवलं जोमाने. जोमा गव्हाणचा, आगरी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. पावसाळ्यात भातशेती आणि बाकीचे महिने आमच्याकडे. अंगाने किरकोळ, पण त्याने पाडलेलं झाड बघायला लोक काम सोडून थांबत. तो कुऱ्हाडीच्या दांड्याने जमिनीवर एक रेघ ओढायचा आणि म्हणायचा, "हितं निजंल." झाड त्या रेघेवर निजायचं. आगरी माणसं सगळ्यांनाच अरे-तुरे करतात. जोमा शेठलाही 'तू' म्हणायचा आणि शेठना त्याचं काही वाटायचं नाही.

पनवेलातल्या एका वकिलांच्या अंगणातला फणस आम्ही पाडला, त्याची गंमत सांगतो. वकिलांनी भटजींना विचारून मुहूर्त काढून ठेवला होता दुपारी अडीचचा. जोमाने आभाळाकडे बघितलं.

"वकीलसायब, तुजा बामन वाऱ्याला सांगंल का, दमानं घे म्हून?"

"अरे, पण मुहूर्त चुकवून कसं चालेल?"

"मुहुर्ताला एक घाव घालतो. बाकीचं उद्या सकाली. झाडाला काय म्हाईत, कवा मेलं ते?"

वकील कोर्टात कुणाला ऐकत नसत. पण इथे ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फणस तुळशीवृंदावनापासून हातभर अंतरावर निजला. वकिलीणबाई धावत आल्या. त्यांनी आधी तुळशीचं पान न् पान तपासलं आणि मग जोमाला स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. जोमा मला हळूच म्हणाला, "दोन हात लांब पाडनार व्हतो. पन मंग तिला मजा नसती आली."

या जोमाची एक सवय होती. झाड खाली आलं की तो बुंध्यापासून लांब जाऊन बसायचा आणि विडी पेटवायचा. ती विडी संपेपर्यंत कुणीही झाडाजवळ जायचं नाही. फांद्या तोडायला त्याच्याच गावच्या बायका यायच्या, त्यात त्याची बायको हाशीबायही असायची. त्या कोयते घेऊन लांब बसून राहायच्या आणि त्याची टिंगल करायच्या. हाशीबाय ओरडायची, "अरे, ओढ लवकर! का एकाच विडीवर दिवाली काढतो?" जोमा हलायचा नाही. पडलेलं झाड लगेच शांत होत नाही. खालच्या फांद्या वाकून ताणलेल्या असतात, वरचं खोड त्यांच्यावर तोललेलं असतं. जरा वेळ दिला की आतल्या आत मोडून, दबून ते जमिनीला टेकतं. जोमाची विडी म्हणजे तो वेळ होता.

मला ते कळलं नव्हतं. मला तो आळस वाटायचा.

मुकादम झालो त्या पहिल्याच वर्षी मी दोन सुधारणा केल्या. तेव्हा मी त्यांना सुधारणाच म्हणत होतो. फांद्या जळणासाठी बायकांना मिळत आणि त्यांच्या वाटणीवरून रोज भांडणं होत. मी नियम केला, की ज्या फांदीला जिचा कोयता पहिला लागेल, ती तिची. भांडणं त्याच दिवशी बंद झाली. आणि जोमाला सांगितलं, "विडी संध्याकाळी ओढ. दिवसाला चार झाडं म्हणजे चार विड्या. गाडीवाले खोळंबतात."

जोमा म्हणाला, "मुकादम, झाडाचा जीव जाऊ दे रं."

"झाड पडलं म्हणजे गेलाच की जीव," मी म्हटलं.

 त्याने विडी कानामागे खोचली. मी मुकादम होतो.

मग काय झालं, तर झाड जमिनीला लागायच्या आत बायका धावू लागल्या. जी पहिली पोचेल तिला जाड फांदी. अर्ध्या वेळात झाड सोलून मोकळं व्हायचं. शेठ एकदा बघायला आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मुकादम, डोकं आहे तुम्हाला." त्या दिवशी घरी जाताना मी मुलांसाठी बत्तासे नेले होते.

उरण रस्त्याच्या कडेला एक जुनी चिंच होती. जोमाने रेघ ओढली, खाच घेतली, मागून घाव घातले. मी बाजूला, जिथून रेघही दिसते आणि झाडही दिसतं अशा ठिकाणी उभा होतो. जोमा बुंध्यामागे होता, त्याला पुढचं काही दिसणं शक्य नव्हतं. चिंच कडकडली, हळूच वाकली आणि आली खाली. रेघेवर. आणि लगेच बायका धावल्या. हाशीबाय सगळ्यांत पुढे होती. तिला खालची एक जाड फांदी दिसली आणि तिने कोयता घातला. अख्खं खोड त्याच फांदीवर तोललेलं होतं. फांदी सुटली, खोड अर्धा वळसा लोळलं आणि हाशीबायचा उजवा पाय गुडघ्याखाली त्याच्याखाली गेला.

लाकडं लादायला आणलेल्या बैलगाडीत तिला घातलं. मी तिचं डोकं धरून बसलो होतो, जोमा गाडीबरोबर धावत होता. ती रडत नव्हती. ओठ पांढरे पडले होते. मध्येच म्हणाली, "मुकादम, माजा कोयता रायला तितं."

"आणतो, हाशीबाय. मी आणतो."

"नवीन दांडा लावलाय त्याला."

दवाखान्यात पोलीस ठाण्याचे जमादार आले. त्यांनी विचारलं, काय झालं? जोमा भिंतीला टेकून उभा होता. मी सांगितलं, "इशारा दिला होता. बाई आत शिरली." जमादार म्हणाले, "पण झाड पडून गेल्यावर लोळलं कसं?"

खरं उत्तर माझ्या तोंडात होतं. झाड बसायच्या आत कुणी जवळ जाऊ नये अशी रीत होती आणि ती मी मोडली. शेठ दारात उभे होते. मी म्हटलं, "पडताना झाड फिरलं, साहेब. म्हणून नीट बसलं नाही."

जोमाने मान वर केली. "फिरलं?"

"फिरलं," मी म्हटलं.

त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. रेघ तर लोळलेल्या खोडाखाली पुसली गेली होती. मी तिथे उभा होतो, मी पाहिलं होतं, आणि मी मुकादम होतो. माझा शब्द त्याने घेतला.

पाय वाचला, पण वाकडा जुळला. हाशीबाय काठीशिवाय चालू शकली नाही. आणि जोमाने कुऱ्हाड ठेवली ती ठेवलीच. शेठनी दोनदा बोलावणं पाठवलं. तो आला नाही. मिठागरात मीठ ओढायला लागला. गव्हाणात त्याला लोक 'फिरक्या' म्हणू लागले. लग्नात, होळीत, मासळीच्या बाजारात हाक यायची, "फिरक्या, जरा सरळ चाल रे, बायको हाय बाजूला." हे मला गाडीवाल्यांनी हसत हसत सांगितलं. मीही थोडा हसलो होतो.

त्यानंतर मी बदललो. झाड पडलं की मीच घड्याळ काढून उभा राहायचो. फांद्यांचे सारखे ढीग करून ते एकेकीला वाटून द्यायचो, म्हणजे धावायचं कारणच राहिलं नाही. लटकलेली वाळकी फांदी दोराने आधी खाली ओढल्याशिवाय मी कुऱ्हाड उचलू देत नसे. शेठ कुरकुरत, तर मी ऐकायचो नाही. बारा वर्षांत कुणाला ओरखडाही आला नाही. 'काळजी घेणारा मुकादम' अशी माझी ख्याती झाली. दुसऱ्या वखारीचे लोक माझी रीत बघायला येत. जितकं कौतुक व्हायचं, तितका मला दवाखान्यातला तो एक शब्द ऐकू यायचा.

आमच्यात दारफाळणीचा सण असतो. त्या दिवशी कडक उपास, पांढरे कपडे, दारं लावून घ्यायची आणि दिवसभर प्रार्थनेत बसायचं. देवाचा जो अपराध केला त्याची माफी त्या दिवशी मागता येते. पण माणसाचा अपराध केला असेल तर देव त्यात पडत नाही. त्या माणसाकडे सणाच्या आधी आपण स्वतः जायचं असतं. दर वर्षी मी जायचो. शेजाऱ्यांकडे, भावाकडे, वखारीतल्या कारकुनाकडे.

यंदा माझी बायको लेआ पांढरा सदरा धुऊन वाळत घालताना म्हणाली, "अहो, काल तुम्ही माझी माफी मागितलीत. कशाची? तर भाकरी करपली म्हणून ओरडलात त्याची."

"मग? ओरडलो होतो."

"भाकरीचं मी तेव्हाच विसरले. गव्हाणला कधी जाणार?"

हे मी कधीतरी तापात तिच्यासमोर बडबडलो होतो. तिने बारा वर्षांत एकदाही विषय काढला नव्हता. मी सायकल काढली.

हाशीबाय दाराशी जवळा निवडत बसली होती. काठी बाजूला. मला ओळखून म्हणाली, "मुकादम! केस कुटं गेलं तुजं?" जोमा आतून आला. मिठाने त्याच्या पायांच्या भेगा पांढऱ्या झाल्या होत्या. घराच्या मागे एक मोठं भेंडीचं झाड, भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठी वाढणारं टणक लाकडाचं, छपराच्या बाजूला कललं होतं. पावसाने मुळाशी माती खचली होती. नजर माझी सवयीने तिकडे गेली.

"पाडायला पाहिजे रे हे," मी म्हटलं.

"पाडतील कोन तरी," जोमा म्हणाला. "मानसं सांगून ठेवलीत. भातकापनी झाली की येतील."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. "जोमा, ती चिंच फिरली नव्हती. तू ओढलेल्या रेघेवर पडली होती. मी खोटं बोललो. विडी मी बंद केली, धावायचा नियम मी केला, म्हणून हाशीबायचा पाय गेला. तुझ्या कुऱ्हाडीची काही चूक नव्हती."

हाशीबायचा हात जवळ्यात थांबला.   जोमाने विचारलं, "रेघेपासून किती लांब?"

"वीतभरही नाही."

"कंच्या अंगाला?"

"रस्त्याच्या अंगाला. चार बोटं असेल."

"रस्त्याच्या अंगाला," तो म्हणाला. "तितं गाठ व्हती लाकडाला. मना वाटलंच व्हतं, जराशी तिकडं खाईल."

तो खाली बसला. दोन्ही हात त्याने गुडघ्यांवर ठेवले आणि उलटे करून त्यांच्याकडे बघत राहिला. हाशीबाय मात्र माझ्याकडे बघत होती.

"बारा वर्सं," ती म्हणाली. "हा मानूस झोपेत उठून बसतो, ठाव हाय तुला? माजा पाय चेपतो न् माफी मागतो. मी सांगते, झोप रे मेल्या, पाय माजा हाय, मना नाय राग. तरी मागतो. तू काय करत व्हतास मुकादम, बारा वर्सं?"

 

"चल," जोमा उठून म्हणाला. मला वाटलं, हाकलून देतोय. तो मला देवळाच्या ओट्यावर घेऊन गेला. तिथे सात-आठ माणसं बसली होती. एक म्हातारा म्हणाला, "काय रे फिरक्या, पाव्हना कोन?" जोमा माझ्याकडे वळला. "सांग. मना सांगितलंस तसंच. मोठ्यानं."

मी सांगितलं.  म्हातारा खाली मान घालून ऐकत होता.  माझं संपल्यावर तो म्हणाला, "जोम्या, नाव मीच पाडलं व्हतं तुजं."

"मना ठाव हाय, काका."

"आता काय म्हनू तुला?"

"आई-बापानं ठेवलंय ते हाय की."

मी माफी मागितली. जोमा म्हणाला, "माफ-बिफ मना कलत नाय. आज राग हाय. खूप राग हाय. जा तू आता. उन्हं उतरतील." मी सायकलला हात घातला तेव्हा मागून त्याचा आवाज आला, पण माझ्यासाठी नव्हता. तो त्या माणसांना विचारत होता, "धार लावायचा दगड कुनाकडं हाय रं?"

दुसऱ्या दिवशी सण होता. मी दिवसभर सिनेगॉगमध्ये बसून होतो. इतर वर्षी दुपारनंतर भूक आठवते. यंदा दुपारनंतर खाडीवरचा वारा खिडक्यांच्या फटीतून ऐकू येत होता आणि मला भेंडीचं झाड दिसत होतं. जोमाने कुऱ्हाड धरली असेल का, बारा वर्षांनी हात बसतो का, घर झाडाच्या किती जवळ आहे, हाशीबायला लांब नेऊन बसवायला कुणी आहे का. मी जिथे असायला हवं होतं तिथे नव्हतो आणि उठून जाताही येत नव्हतं. झाड रेघेवर निजू दे, याशिवाय त्या दिवशी मी देवाकडे दुसरं काही मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेआने विचारलंही नाही, सायकलला हवा भरून ठेवली होती.

गव्हाणला पोचलो तेव्हा जोमा मिठागरावर गेला होता. घर जागच्या जागी होतं. छपराचं एक कौलही सरकलं नव्हतं. भेंडीचं झाड घरामागे कुंपणाला समांतर, सरळ निजलं होतं. फांद्या तोडून, सारख्या लांबीच्या करून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. जमिनीवर अजून रेघ दिसत होती. मी वाकलो आणि खोड आणि रेघ यांच्यात बोटं ठेवून बघायला लागलो.

"मोजू नको," आवाज आला. "त्यानं दहा वेला मोजलंय."

हाशीबाय खोडावरच बसली होती. वाकडा पाय पुढे सोडलेला, मांडीवर सूप. तिने थोडं सरकून जागा केली आणि हाताने खोड थोपटलं.

"बस, मुकादम. हलत नाय."

मी बसलो.